तिसरा लट्टू

विलायतेहून उत्तर आलं: इंजिन तेच, चॅसी तीच,
सत्तेचाळीसचा ऑक्टोबर, रंग हिरवा, लाकूड अ‍ॅश.
सुहृद पिंपळखुटेंनी पत्र लॅमिनेट करून
गड्डीगोदामच्या माझ्या शेडमध्ये, व्हाइसच्या वर टांगलं.
म्हणाले, मास्तर, जशी निघाली तशी करा.

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर शिकवला.
पोरांना सांगायचो, फाइल मारण्याआधी
जॉब हातात घेऊन बघत बसा, कंटाळा येईस्तोवर.
तशी ही एम.जी. मी पूर्ण उन्हाळा बघत बसलो,
कूलरची फडफड, मानेवर ओला दुपट्टा,
आणि मग डाव्या दाराखाली
चवलीएवढी जागा पॉलिशपेपरने घासली.

करडा. त्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली काळा.
अगदी तळाशी हिरवा, पातळ.
काळ्याची पावती आहे, सदरची: डॉक्टर पेरीन सुखिया,
बाळंतपणाला अपरात्री कामठीपर्यंत एकट्या जायच्या.
करडा सुहृदच्या आजोबांचा,
प्रायमर मारला आणि पुढे काही झालंच नाही.
पांढऱ्याचा कागद नाही.
अडुसष्ट ते त्र्याऐंशी कुणाची होती,
आरटीओच्या रजिस्टरला वाळवी.

टॅक्सच्या पावत्या मात्र जपलेल्या.
मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश,
मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र.
गाडी वर्धा नदीपलीकडे गेली नसेल कधी,
तिच्याखालून चार राज्यं निघून गेली.

दार उघडलं तर खालची पट्टी अ‍ॅशची नाही.
बल्लारशाचा साग, जड, तेलकट,
स्क्रू पितळी, रेल्वेच्या डब्यांत असायचे ते,
आतल्या अंगाला सुताराची शिसपेन्सिल:
उ. बुरडे, मोतीबाग. मारबत, ५९.
बाहेर ईडापिडा घेऊन जा गे मारबत,
आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी
इंग्रजी गाडीच्या कुजलेल्या हाडाजागी
आपल्या जंगलातलं हाड बसवत होता.
सांध्यात आजही पोस्टकार्ड शिरत नाही.

काढा, सुहृद म्हणाले. अ‍ॅश जहाजातून येतंय.
काऊन जी? सडलं ते काढतात.
हे तर आत्ता कुठे मुरलंय.
पण मूळचं नाही ना.
मी पट्टीवर टिचकी मारून ऐकवली.
दोन महिने त्यांचा फोन नाही.
जहाज आलं. अ‍ॅश उजवीकडे लागलं, जिथे खरंच भुसा होता.
डावीकडे मी हात लावला नाही.

विंडस्क्रीनच्या चौकटीला सहा भोकं,
ओळीने, हातड्रिलची, जराशी वाकडी.
तीही बुजवा म्हणाले.
कशाची ते कळल्याशिवाय बुजवता येईना,
मेण भरून ठेवलं.
रंग दिला हिरवाच, पण पत्रातला नाही,
सत्तरेक मे महिने खाल्लेला.
ग्लोव्हबॉक्सच्या आत जुना उरला होता,
त्याला नुसतं सुती कापड.

पहिली चक्कर पहाटे, ऊन चढायच्या आत.
इंदोरा चौकात बंद पडली, मागचा कार्ब्युरेटर भरून वाहिला.
पोहेवाल्यापाशी एक म्हातारा, हातात तर्रीची प्लेट,
आला, गाडीला एक फेरा घातला,
चौकटीवरून बोट फिरवलं, मेणापाशी थांबला.
इक्बाल लाइटवाल्याची पांढरी ना ही?
एकाहत्तर, बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस.
माझी वरात यातूनच निघाली, देवमन सोमकुवर.
इथं सहा लट्टू होते जी.
तिसरा लागतच नव्हता.

मी पान्याच्या दांड्याने फ्लोटला हलकेच ठोकत होतो.
सुहृदने पेन काढलं, कागद शोधला.
सोबत फक्त ते पत्र, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक,
शाई धरेना. तरी लिहीत राहिले.
म्हातारा म्हणाला, पोहे थंडे होऊन राहिले,
आधी चालू तर करा.